रुसव्याची तिसरी खेप

माझ्या लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रकांची नावं अंतराप्रमाणे छापली गेली. म्हणजे आमच्या किन्हवलीच्या घरापासून जो जितका जवळ राहतो तितका वर, जितका लांब तितका खाली. हे काम माझ्या भावाचं. स्वरूप बावीस वर्षांचा आहे, त्याला याद्या करायला आवडतात आणि त्याच्या याद्या चुकत नाहीत. बाबांनी त्याला "नावं नीट लाव रे" एवढंच सांगितलं होतं. त्याने किलोमीटर मोजून नीट लावली. त्यामुळे सगळ्यात वर आमच्याच घरात राहणारी, चुलतभावाची दोन शेंबडी पोरं आली. त्यांच्या खाली कुंपणापलीकडचा शेजारी आला, ज्याच्याशी आमचं बांधावरून बोलणं बंद आहे. आणि अगदी तळाला टोकावड्याचे भगीरथ आतोबा आले. त्यांच्या खाली फक्त छापखान्याचा फोन नंबर होता.

"हे कसलं रे नीट?" बाबा ओरडले, पण तोवर निम्म्या पत्रिका वाटून झाल्या होत्या.

"मी रस्त्याचं अंतर घेतलं आहे," स्वरूप म्हणाला. "सरळ रेषेत घेतलं तर दोन नावं बदलतील. बदलू का?"

स्वरूप असाच बोलतो, पुस्तकातल्यासारखं. तो चार वर्षांचा असताना मुंबईच्या डॉक्टरांनी ऑटिझम असल्याचं सांगितलं. गावाने त्याआधीच "पोर साधा हाय" असं ठरवून टाकलं होतं. मला विचाराल तर आमच्या घरात सरळ कोणी असेल तर तोच, बाकी आम्ही सगळे वाकडे.

तर आतोबा. आतोबा म्हणजे बाईजाआत्याचे यजमान, घरचे थोरले जावई. आमच्याकडे मांडवाला उंबराची डहाळी बांधल्याशिवाय लग्नातलं पान हलत नाही, आणि ती डहाळी थोरल्या जावयानेच तोडून आणायची. तो आला नाही तर मांडव नाही, मांडव नाही तर हळद नाही, आणि हळद नाही तर मी इकडे आणि सापगावचा रितेश तिकडे, दोघंही कोरडेच. पत्रिका हातात पडली त्याच दिवशी आतोबांनी फोन करून कळवलं की आजपासून ते आम्हाला मेले.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. आतोबा प्रत्येक लग्नात मरतात. चुलतभावाच्या लग्नात त्यांना दिलेली खुर्ची डुगडुगली म्हणून मेले होते, त्याच्या आधी वरणात मीठ कमी म्हणून. शिवाय आमच्याकडे रुसवा काढायची रीत ठरलेली आहे. तीन खेपा लागतात. पहिल्या खेपेला नारळ घेऊन यजमानाने स्वतः जायचं आणि रुसलेल्याने तोंड फिरवून बसायचं. दुसऱ्या खेपेला भावकीतल्या कुणी जायचं आणि रुसलेल्याने जुनी उणीदुणी काढायची. तिसऱ्या खेपेला नारळ, टोपी आणि टॉवेल घेऊन कुणीही गेलं तरी चालतं, कारण तोवर रुसलेल्याची पिशवी भरून दाराआड तयार असते. तो एकदा "नाय" म्हणतो, आपण पुन्हा विचारतो. तो पुन्हा "नाय" म्हणतो. मग आतून त्याची बायको चहा घेऊन येते आणि म्हणते, "जाऊ द्या ना, पोर एवढ्या लांबून आलंय." मग तो मोठा सुस्कारा सोडतो आणि पायात चपला सरकवतो. हे कुठे लिहिलेलं नाही आणि कोणी कोणाला शिकवत नाही. सगळ्या चुकीचं मूळ तिथेच आहे.

बाबांची खेप झाली. नथूकाकांची झाली, त्यांना आतोबांनी शहाण्णव सालातला एक बैल ऐकवला. लग्न शुक्रवारी, मांडव गुरुवारी सकाळी, आणि मंगळवार उजाडला तरी तिसऱ्या खेपेला माणूस मोकळा नव्हता.

त्याच आठवड्यात स्वरूपचं दुसरंच प्रकरण घरात पेटलं होतं. शहापूरला तो कामं शिकवणाऱ्या ज्या वर्गाला जायचा, तिथल्या बाईंनी त्याला पंधरा दिवस मुरबाडला एका हार्डवेअरच्या दुकानात नेऊन बसवलं होतं. दुकान हेतलबेन नावाच्या बाईंचं. पंधरा दिवसांत स्वरूपने आठ वर्षांपासून एकत्र झालेले नट, बोल्ट, वॉशर सुटे करून मापाप्रमाणे डब्यांत लावले. हेतलबेन म्हणाल्या, सोमवारपासून कायमचा ये, पण एकटा ये, आणि बुधवारी संध्याकाळपर्यंत पक्कं सांग, कारण दुसरा एक मुलगा विचारून गेलाय. स्वरूप त्या दिवशी घरी आला तो जेवताना सुद्धा हसत होता. त्याने आईला विचारलं, "मी जाऊ का?" आई म्हणाली, "नाय रे बाबा, एकटा कसा जाशील?" आणि विषय संपला. पण वर्गातल्या बाई संपणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी बाबांना फोनवर अर्धा तास धरलं.

आईचंही मी चूक म्हणत नाही. गाड्यांचे हॉर्न लागोपाठ वाजले की स्वरूप कान झाकून आहे तिथे खाली बसतो. कंडक्टरशी बोलताना त्याच्याकडे बघत नाही, म्हणून कोणी त्याला उर्मट समजतं, कोणी प्यायलेला. त्याला एकट्याने गाडीत बसवायचं म्हटलं की आई विषयच बदलायची.

मंगळवारी रात्रीच्या जेवणाला बाबांनी दोन्ही भांडणं एकाच ताटात वाढली. "घोळ यानेच घातला, निस्तरील पण हाच," ते म्हणाले. "स्वरूप, उद्या एकटा टोकावड्याला जा. आतोबांना घेऊन ये. आणलंस तर सोमवारपासून दुकानात जायचं. नाय आणलंस तर नाय जायचं. कबूल?"

"कबूल," स्वरूप म्हणाला.

आईसुद्धा कबूल झाली. मला माहीत आहे का ते. तिला वाटलं, तो मुरबाड स्टँडवरूनच परत येईल.

बुधवारी सकाळी आईने त्याला पिशवी भरून दिली आणि सूचनांचा पाऊस पाडला. त्यातली एक महत्त्वाची. किन्हवलीहून टोकावड्याला जाताना शहाणा माणूस सरळगावच्या नाक्यावर गाडी बदलतो. आईने सांगितलं, नाक्यावर उतरायचं नाही, पुढे मुरबाडला जायचं, तिथे छप्पर आहे, चौकशीची खिडकी आहे, तिथेच गाडी बदलायची, जाताना आणि येताना. म्हणजे सरळगाव एकदा जाताना लागणार, मग उलट फिरून पुन्हा लागणार. स्वरूपने ते कागदावर लिहून घेतलं. बाबांनी सांगितलं, "ते यायला तयार झाले की नारळ, टोपी, टॉवेल द्यायचं." तेही लिहून घेतलं. आतोबा आधी नाय म्हणतील, हे कोणीच सांगितलं नाही. ते काय सांगायचं असतं?

पुढचं मला स्वरूपने सांगितलं, वेळेसकट. आतोबांनी सांगितलं, बरोबर उलटं. आणि आत्याने सांगितलं, रडत आणि हसत.

मुरबाड स्टँडवर स्वरूप कानांवर मोठे हेडफोन लावून पंचवीस मिनिटं उभा राहिला. खाली बसला नाही. एक वडापाव स्वतः मागून घेतला, चटणी नको म्हणून सांगितलं, चटणी आली, तर परत देऊन दुसरा घेतला. हे शेवटचं त्याने मला तीन वेळा सांगितलं. टोकावड्याच्या गाडीत चढण्याआधी त्याने पाटी वाचली, ड्रायव्हरला विचारलं, कंडक्टरला विचारलं आणि मग पुन्हा पाटी वाचली. दीड वाजता तो आतोबांच्या ओट्यावर होता.

आतोबा तयारच होते. दाढी केलेली, धुतलेला सदरा अंगात, पिशवी दाराआड, उंबर तोडायला कोयता पाजळून तिच्यात घातलेला. स्वरूपला बघताच त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

"आतोबा, तुम्ही उद्या मांडवाला येणार का?"

"नाय!"

"बरं," स्वरूप म्हणाला. "पाणी मिळेल का?"

आतोबांनी भिंतीकडे बघत तांब्या पुढे सरकवला. स्वरूप पाणी प्यायला, तांब्या होता तिथे ठेवला. नारळ, टोपी, टॉवेल पिशवीतच राहिलं, कारण ते तयार झाल्यावर द्यायचं होतं. "दोन दहाची गाडी आहे. मी निघतो," म्हणाला आणि निघाला.

आत्या चहा घेऊन बाहेर आली आणि सवयीने म्हणाली, "जाऊ द्या ना, पोर एवढ्या लांबून आलंय." ओट्यावर पोर नव्हतं.

"कुठं गेला?"

"येईल परत," आतोबा भिंतीला म्हणाले. "कोपऱ्यावरून वळून बघील."

कोपऱ्यावर स्वरूप वळला, पण स्टॉपकडे. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात आतोबांची "नाय" कोणी अशी उचलून पिशवीत घालून नेली नव्हती. ते आधी रागावले, मग घाबरले. मांडवाची डहाळी दुसऱ्या कुणी आणली तर? दुसरा जावई आहेच की, शहापूरचा, टपूनच बसलेला. आत्या म्हणाली, "आता काय बघताय? जा की मागनं! मी उद्या सकाळी येते सुनेबरोबर." आतोबांनी पिशवी उचलली आणि अर्धवट चपला घालून धावत सुटले.

स्टॉपवर ते स्वरूपपासून दहा पावलं लांब उभे राहिले, म्हणजे मनधरणीला जागा राहील. स्वरूपने त्यांच्याकडे बघितलं आणि वेळापत्रकाच्या कागदाकडे बघितलं.

शेवटी आतोबाच बोलले. "मी काय लग्नाला नाय चाल्लो."

"माहीत आहे," स्वरूप म्हणाला. "तुम्ही आत्ताच सांगितलं."

"मना सरळगावला काम हाय."

"बरं."

गाडी आली. आतोबांनी खिडकीजवळ बसलेल्या स्वरूपच्या शेजारची जागा धरली आणि सरळगावचं अर्धं तिकीट काढलं. कंडक्टरबाईंना पिशवीतून डोकावणारा कोयता दिसला. "आजोबा, हे काय घेऊन चाललात?"

"उंबर तोडायला."

"कुठे तोडणार?"

"कुठंच नाय," आतोबा म्हणाले. "मी चाल्लोच नाय."

बाईंनी स्वरूपकडे बघितलं. "तुमच्याबरोबर आहेत का?"

"नाही," स्वरूप म्हणाला. "ते माझे आतोबा आहेत. ते माझ्याबरोबर आलेले नाहीत."

याच सुमारास त्याने मला फोन केला. मी हातावर मेंदी घेऊन बसले होते, फोन बहिणीसारख्या मैत्रिणीने, सोनालीने, माझ्या कानाला लावला. "ताई, आतोबा येत नाहीत," तो म्हणाला. मागून आतोबांचा आवाज आला, "कोनाला सांगतोस रे? काय सांगतोस?"

"अरे, ते तर तिथेच बोलतायत! कुठे आहेत ते?"

"माझ्या शेजारी बसले आहेत."

"कशात?"

"एसटीत."

"मग येतायत ना?"

"नाही. मी विचारलं होतं. ते नाही म्हणाले." आणि त्याने फोन ठेवला, कारण गाडीत मोठ्याने बोलू नये असं कागदावर लिहिलेलं होतं. मी ओरडले, मेंदी फिसकटली, आणि बाबा शहापूरच्या जावयाला फोन लावायचा का लावू नये या विचारात मांडवाचे बांबू मोजत बसले.

सरळगाव आलं. आतोबा उठले नाहीत. "ते काम मुरबाडला पन होतं," असं त्यांनी समोरच्या सीटला सांगितलं आणि मुरबाडपर्यंतचं तिकीट वाढवून घेतलं. वाटेत ते दर दोन मैलांनी खाकरत होते. खाकरणं म्हणजे "विचार पुन्हा", हे आमच्यात लहान पोराला पण कळतं. स्वरूपने त्यांना आपल्या बाटलीतलं पाणी दिलं.

मुरबाडला किन्हवलीच्या गाडीला पाऊण तास होता. स्वरूप स्टँडबाहेर पडला आणि चालायला लागला. आतोबा मागून. तो थांबला की ते थांबत. अशी ती जोडी हेतलबेनच्या दुकानात पोचली. आतोबा पायरीवरच उभे राहिले, पिशवीतून कोयता बाहेर, म्हणून गिऱ्हाईक आत यायला धजेना.

स्वरूप काउंटरपाशी गेला. त्याने आधी वॉशरचे डबे बघितले. एक डबा चुकीच्या जागी होता, तो नीट लावला. मग म्हणाला, "हेतलबेन, मी सोमवारी येणार नाही. तुम्ही दुसऱ्या मुलाला सांगा."

"अरे! काय झालं? तुला आवडलं नाही का इथे?"

"मला खूप आवडलं. मला इथेच यायचं होतं. पण घरी अट होती. आतोबांना लग्नाला आणलं तर मी दुकानात यायचं. आतोबा आले नाहीत."

"कोण आतोबा?"

"हे," स्वरूपने पायरीकडे बोट केलं.

हेतलबेननी चष्मा वर केला. "हे तर आलेत."

"नाही. ते सरळगावला चालले आहेत."

"सरळगाव तर मागे गेलं."

"हो," स्वरूप म्हणाला. "ते मलाही कळलेलं नाही."

हे सांगताना त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. पण हेतलबेन मला नंतर म्हणाल्या की तो बोलत असताना एका हाताने डब्यातले वॉशर एकेक करून उचलत होता आणि परत ठेवत होता, आणि जायची वेळ झाली तरी त्याला डबा सोडवेना. हा भाग आतोबांनी मला कधीच सांगितला नाही. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, पायरीवर ऊन फार होतं.

हेतलबेन बाहेर आल्या. त्या पावणेपाच फुटी बाई आहेत, पण त्यांचा आवाज लोखंडाच्या दुकानात घडलेला आहे. "काका, तुम्ही लग्नाला जाणार की नाही?"

"बघू," आतोबा म्हणाले.

"बघू म्हणजे काय?" स्वरूपने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याने कागद-पेन्सिल काढली. आतोबांनी कोयता पिशवीत आत ढकलला. बघू म्हणजे काय, हे त्यांना कुणी उभ्या जन्मात विचारलं नव्हतं.

"मी सहा वाजेपर्यंत थांबते," हेतलबेन स्वरूपला म्हणाल्या. "मग मात्र दुसऱ्याला सांगेन."

किन्हवलीच्या गाडीत आतोबांनी पुन्हा सरळगावचंच तिकीट मागितलं. जिभेला वळण पडलेलं, दुसरं काय. पण गाडी जसजशी सरळगावच्या जवळ यायला लागली तसे ते घामाघूम झाले. आता कोणतं काम काढणार? सरळगावचं काम मुरबाडला गेलं होतं आणि मुरबाडहून ते तसेच परत आले होते. स्वरूप खिडकीबाहेर बघत होता. आतोबांनी त्याला कोपराने ढोसलं. त्याला अंगाला हात लावलेला आवडत नाही, तो आकसून बसला.

"अरे, इचार ना मना परत," आतोबा हळूच म्हणाले.

"काय विचारू?"

"तेच. मगाशी इचारलंस ते."

"तुम्ही उत्तर दिलं आहे."

"एकदाच दिलं ना!"

"एक उत्तर पुरतं," स्वरूप म्हणाला.

सरळगावचा नाका आला. कंडक्टर दार उघडून ओरडला, "सरळगाव! चला, सरळगाववाले!" चार माणसं उतरली. कंडक्टर आतोबांकडे बघत राहिला. "बाबा, तुमचंच तिकीट हाय. उतरा."

आतोबा उभे राहिले. दाराकडे दोन पावलं गेले. मागे स्वरूप त्यांना जागा करून द्यायला पाय आत घेऊन बसला होता, अगदी शिस्तीत. ते वळले. गाडीभर माणसं बघत होती, आणि अडुसष्ट वर्षांच्या त्या माणसाला एक साधा शब्द तोंडातून काढायला जे कष्ट पडले ते बघून मागची एक म्हातारी म्हणाली, "याला काय उलटी होतेय काय?"

"मी येनार हाय," आतोबा म्हणाले.

"कुठे?" स्वरूप.

"तुज्या ताईच्या लग्नाला. मांडवाला. उंबर घेऊन. मना यायचं हाय. पैल्यापासनं यायचं होतं!" शेवटचं वाक्य ते जवळजवळ ओरडलेच, आणि मग आपण काय बोलून बसलो म्हणून दांडीला धरून उभे राहिले.

"मग आधी नाही का म्हणालात?"

"ते... तसं म्हनतात रे."

स्वरूपने थोडा विचार केला. मग पिशवीतून नारळ काढून त्यांच्या हातात दिला, टॉवेल दिला, टोपी पुढे धरली. दुसऱ्याच्या डोक्याला हात लावणं त्याला जमत नाही, म्हणून आतोबांनी ती आपल्याच हाताने घातली. रुसवा काढलेल्या माणसाने स्वतःच टोपी चढवून घेतल्याचं आमच्या घराण्यात हे पहिलं उदाहरण. कंडक्टर म्हणाला, "आता पुढचं तिकीट काढा, नवरदेव," आणि गाडी हलली.

पाच वाजता दोघं अंगणात आले. बाबांनी हातातला बांबू टाकला. नथूकाकांनी शहाण्णव सालच्या बैलाचं उत्तर द्यायला तोंड उघडलं, त्यांना काकूने गप्प केलं. आरडाओरडा, चहा, पाय धुवायला पाणी. या गोंधळात स्वरूप आईसमोर जाऊन उभा राहिला.

"आतोबा आले आहेत. आता मी हेतलबेनना फोन करून सोमवारी येतो म्हणून सांगू का? सहापर्यंत सांगायचं आहे."

आईच्या एका हातात हळदीची वाटी, दुसऱ्यात कुणाचं तरी पोर. "नाय रे," ती म्हणाली. "लग्न तर होऊ दे. मग बघू."

"बरं," स्वरूप म्हणाला आणि चपला काढून आत गेला.

मी शपथेवर सांगते, त्या क्षणी कुणालाही काही वावगं वाटलं नाही, मलासुद्धा. चहाचा कप तोंडाला लावलेले आतोबा तेवढे थांबले. त्यांनी कप खाली ठेवला.

"वैनी," ते आईला म्हणाले, "तो परत नाय इचारनार."

"कोण?"

"अगो, तुजा पोर! तू नाय बोल्लीस. तो घेऊन गेला तुजी नाय. तू बसली असशील वाट बघत, आता परत येईल, लाडीगोडी लावील, मग मी हो म्हनेन. तो येत नाय गो! मी आज बघितलं ना. मी धावलो त्याच्या मागं, एसटीतून धावलो!"

"अहो, मी तसं नाय म्हटलं..."

"मी पन तसं नवतं म्हटलं!"

माझे हात मेंदीने भरलेले होते, आणि मला एकाएकी रडू फुटलं तर डोळे पुसता येईनात. कारण मला सगळं दिसायला लागलं. मला सायकल हवी होती तेव्हा आई नाय म्हणाली होती. मी तीन दिवस भोकाड पसरलं आणि मला सायकल मिळाली. स्वरूपने मागितली, आई नाय म्हणाली, त्याने बरं म्हटलं. शाळेची माहुलीची सहल, मी तिसऱ्यांदा विचारून गेले. तो एकदा विचारून घरी राहिला. गणपतीत त्याला ढोल शिकायचा होता, शहापूरला मोठ्या कॉलेजात जायचं होतं. आम्ही म्हणायचो, पोराचा काही हट्ट नसतो, किती गुणी. आम्हाला वाटायचं त्याला काही नकोच असतं. आणि तो बावीस वर्षं आमच्या सगळ्या लटक्या "नाय" खऱ्या समजून एकेक गोष्ट सोडून देत आला होता. मला माझीच लाज वाटली, आणि आईच्या तोंडाकडे बघवेना.

आईने कडेवरचं पोर बाबांच्या हातात दिलं, वाटी तुळशीवृंदावनावर ठेवली आणि आत गेली. मी मागे गेले. स्वरूप पलंगावर बसून सूचना लिहिलेल्या कागदाची नीट चौकोनी घडी घालत होता.

"सोमवारी जा," आई म्हणाली.

"तू नाही म्हणालीस."

"ते खरं नव्हतं. मला भीती वाटते म्हणून बोलले." तिला ते बोलताना फार जड गेलं. "आता खरं सांगते. जा."

"एकटा?"

आईने पदराने हातावरची हळद पुसली. "एकटा."

त्याने लगेच फोन लावला. पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती, हेही त्यानेच सांगितलं.

गुरुवारी आतोबांनी उंबराची डहाळी आणली. शुक्रवारी माझं लग्न लागलं, आणि जेवणावळीत दुसऱ्या पंगतीत बसवलं म्हणून आतोबा पुन्हा रुसले. या वेळी त्यांनी रुसताना इकडे तिकडे बघून स्वरूप जवळपास नाही याची खात्री करून घेतली.

सोमवारी मी मांडवपरतणीला माहेरी आले होते. सकाळी सात वाजता आई, मी आणि स्वरूप किन्हवलीच्या स्टँडवर उभे होतो. त्याच्याकडे डबा, पास आणि हेडफोन. मुरबाडची गाडी लागली. आईच्या हातातही एक पिशवी होती, आणि ती चांगलं लुगडं नेसून आली होती, ते माझ्या आत्ता लक्षात आलं.

"आजच्या दिवस येऊ का रे सोबत?" तिने विचारलं.

"नको," स्वरूप म्हणाला.

"मुरबाडपर्यंतच. मी मागच्या सीटवर बसेन."

"नको, आई."

तो चढला, पाटी पुन्हा वाचायला एकदा खाली उतरला, पुन्हा चढला आणि डाव्या बाजूच्या खिडकीत बसला. इंजिन सुरू झालं. आई दारापाशी गेली, दांडीला हात लावला, तोंड उघडलं. कंडक्टरने विचारलं, "मावशी, येताय का?"

आईने दांडीवरचा हात काढून घेतला आणि म्हणाली, "नाय. तो एकटा चाललाय."